इथल्या पावसाची भाजी कुठली?

(मेलबर्नमधल्या मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी मला विषय दिला होता मुंबईच्या खाण्याचा. मी वडापावापासून सुरुवात करून दोन पानं लिहिलीही होती. ती घरीच ठेवून आलेय. कारण जूनच्या शेवटी, शाळेच्या सुट्टीत, दादरला आईकडे जेवताना माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाहीये.

त्या दिवशी पाऊस असा होता की गाड्या अर्धा तास उशिरा. आई तरीही स्टेशनबाहेर जाऊन आली. पिशवीत टाकळ्याच्या दोन जुड्या, कंटोळ्यांचा एक वाटा आणि "आता ही शेवटचीच हं" असं म्हणून भाजीवालीनं गळ्यात मारलेली शेवळं, सोबत मूठभर काकडं, म्हणजे ती आंबट रानफळं. पेपर पसरून, मालिका लावून निवडायला बसली. टाकळ्याचं नुसतं कोवळं पान घ्यायचं, चार पाऊस जास्त झाले की ते राठ होतं. शेवळाला काकडं नाही घातली तर घसा दोन दिवस खाजतो. हे मला पाठ आहे, पण कृपा करून कोणी करून दाखवायला सांगू नका. लहानपणी ताटात टाकळा दिसला की माझं पोट दुखायचं. चाळीतल्या सगळ्या काकूंना ते दुखणं ठाऊक होतं. आणि परवा तोच टाकळा, आठळ्या घातलेला, वर ओलं खोबरं, सोबत तांदळाची भाकरी... आणि माझे डोळे भरून आले. आई म्हणाली, "मिरची जास्त झाली का गं?"

लेक शांतपणे खात होती. आजी तिला म्हणाली, "खाऊन घे बाय, पंधरा दिवसांनी मिळायची नाही."

"मग फ्रीझरमध्ये ठेव ना."

आजीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग लेकीनं माझ्याकडे बघून विचारलं, "आई, आपल्याकडच्या पावसाची भाजी कुठली?"

आपल्याकडच्या म्हणजे मेलबर्नच्या. तिच्या दृष्टीनं आपल्याकडे म्हणजे इथेच. मी घाईघाईत म्हटलं, "ब्रोकोली." ती म्हणाली, "ब्रोकोली तर रोजच असते."

आता वकिली करायची तर मी म्हणेन, इथे पावसाची भाजी असणार कशी? मुंबईत एकट्या जुलैत सरासरी जेवढा कोसळतो तेवढा इथे अख्ख्या वर्षात पडत नाही. आणि जो पडतो तो बारा महिने थोडा थोडा, कारकुनासारखा हजेरी लावून जातो. त्यात आपले महिने इथे उलटे. आषाढ-श्रावण हीटर लावून काढायचे आणि गणपती येतात ते वसंतात. पण हे उत्तर नव्हे, पळवाट आहे. चौदा वर्षं मी इथे रोज रात्री स्वयंपाक करतेय आणि कुठल्या महिन्यात इथल्या मातीतून काय येतं हे मला सांगता आलं नाही. माझ्या फ्रीझरमध्ये मात्र शिराळी आहेत, गवार आहे, सुरण आहे, अळूची पानं आहेत, किसलेलं खोबरं आहे. माझ्या घरात बारा महिने एकच महिना असतो. हसू नका, तुमचेही फ्रीझर मी उघडून पाहिलेत.

गेल्या वर्षी आपल्या मंडळानं ऋषीची भाजी केली होती, आठवतेय? बैलाच्या कष्टाचं ऋषिपंचमीला खायचं नाही, म्हणून परसातलं, आपसूक उगवलेलं घालायचं. आपण काय केलं? अळू गोठवलेलं, मका डब्यातला, अंबाडे नाहीत म्हणून चिंच. बैलाला सुट्टी दिली आणि जहाजाला जुंपलं. भाजी उत्तम झाली होती, मी दोनदा घेतली, पण तरी.

आणि परसात आपसूक उगवलेलं आपण ओळखतो का? आमच्या ड्राइव्हवेच्या फटीत दर जानेवारीत काहीतरी लालसर देठांचं, जाड पानांचं पसरतं. नवरा दरवर्षी त्यावर तणनाशक मारतो. या जानेवारीत व्हिडिओ कॉलवर आईनं ते पाहिलं आणि ओरडली, "अगं, ती घोळ आहे!" तोवर फवारा मारून झाला होता. त्यावरून घरात जे झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. (तुम्ही शोधणार असाल तर जपून. औषध मारलेल्या जागेतली नको, आणि घोळीसारखं दिसणारं एक तण असतं, त्याचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. ते खायचं नाही.)

आईच्या हातचे कडवे वाल आणताना तर मी स्वतःच घोळ घातला. विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, हे पेरायला आहेत का. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "छे हो, पेरायचे नाहीत, मोड आणायचेत." संपलं. बिरडं तिथेच राहिलं.

पण मुंबईत सगळं जागच्या जागी आहे, असं समजून मी आले नाही. वहिनी भाज्या फोनवरून मागवते, दहा मिनिटांत येतात, जूनमध्ये फ्लॉवर आणि मटार. तिला नावं ठेवायचा मला काय अधिकार? ती आठला घरी पोचते. आणि ती स्टेशनबाहेरची भाजीवाली पालघरकडून पहिल्या गाडीनं येते. आईनं तिला विचारलं, सुनेला का नाही आणत सोबत. ती म्हणाली, सून बोईसरला कंपनीत जाते, तिला रानात जायला कुठे वेळ. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही, उलट जरा अभिमानानंच सांगितलं. मग पाच-सात वर्षांनी आईच्या पिशवीत टाकळा कोण घालणार? मला नाही ठाऊक.

परवा इथल्या बाजारात पहिला ॲस्परॅगस आला. मेलबर्नपासून तासाभरावर कू वी रपला होतो, पूर्वीच्या दलदलीच्या काळ्या जमिनीत. दर सप्टेंबरला येतो, म्हणजे ऐन आपल्या गणपतीच्या सुमाराला, आणि आपल्या शतावरीचा चुलतभाऊच तो. पुढच्या वर्षी ऋषीच्या भाजीत घालूया का? मागच्या रांगेतल्या काकूंचा चेहरा मला इथून दिसतोय. बरं, त्यावर चहाच्या वेळी भांडू.

घरी मी तो टाकळ्यासारखा केला, कांदा, लसूण, हिरवी मिरची, वर खोबरं. खोबरं फ्रीझरमधलंच. लेकीनं एक घास खाल्ला.

"ही पावसाची आहे?"

"नाही, वसंतातली."

"मग पावसाची कुठली?"

मी तिला अजून थोडी वाढली.