गुळाची ढेप पाझरते तेव्हा: कवितेतली प्रतिमा वाचायची कशी?

नमस्कार मंडळी. तुटत चाललेल्या नात्यावरची कविता आली की आपण घाईनं लिहून मोकळे होतो, ‘अमुक वस्तू म्हणजे प्रेमाचं प्रतीक’. माझं म्हणणं असं, की ती वस्तू खऱ्या आयुष्यात वागते कशी, हे आधी विचारा. त्यासाठी मी पाच ओळी रचल्यात, स्क्रीनवर बघा.

फडताळातली गुळाची ढेप
आषाढात पाझरू लागली.
तू खाली ताटली सरकवलीस,
मी मुंग्यांसाठी हळदीची रेघ ओढली.
कापड कुणीच सोडून पाहिलं नाही.

आता गूळ काय, कोल्हापूरकरांच्या घरचाच. २०१४ साली आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण पावसाळ्यात ढेपेला पाणी सुटतं हे आपल्या आज्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक. का सुटतं? गुळात साखरेसोबत ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणजे ढेपेवर कुणी तांब्या उपडा केलेला नाही. या कवितेत भांडण नाही, तिसरं माणूस नाही. घरातली हवा दमट झाली, एवढंच घडलंय.

आणि जे गळतंय ते गोडच आहे! ‘नात्यात कडवटपणा आला’ असं उत्तर इथं चुकेल. गोडी शाबूत आहे, ती फक्त ढेपेत थांबत नाही. मला हे कडवटपणापेक्षा जास्त जिव्हारी लागतं.

खात्री करायची तर गुळाच्या जागी साखरेचा डबा ठेवून वाचा. दमट हवेत साखरेचे खडे होतात, ती फडताळातून ठिबकत नाही. प्रतिमा बदलली की दुःखाची जातच बदलते.

आषाढ आठवा. नव्या नवरीला आपल्याकडं आषाढात माहेरी नेतात, नवराबायकोनं लांब राहायचा हा महिना. इथं मात्र दोघं एकाच घरात आहेत.

आता क्रियापदं. ‘सरकवलीस’, ‘ओढली’. दोघंही कामाला लागलेत, आणि दोघांचीही कामं ढेपेच्या भोवतीची. तिनं ओघळ झेलला, त्यानं मुंग्या अडवल्या. किती नीटनेटका संसार! ‘तू’ आहे, ‘मी’ आहे, ‘आपण’ पाच ओळींत एकदाही नाही. दोघं एकत्र येतात ते थेट ‘कुणीच’मध्ये, तेही न केलेल्या कामासाठी.

कुणी म्हणेल, ताटली ठेवणं ही काळजीच की. हो, आहेच. म्हणून मी दोघांपैकी कुणालाही दोषी ठरवणार नाही, आणि तुम्हीही उत्तरपत्रिकेत ठरवू नका.

तुमच्या अभ्यासक्रमातली अशी एखादी कविता घ्या, त्यातल्या एकाच वस्तूवर पेन्सिलनं खूण करा, आणि घरातल्या मोठ्या माणसांना विचारा: ही वस्तू खराब होते ती कशी? काय उत्तर आलं ते खाली लिहा, पुढच्या भागात त्यातली एक कविता घेऊ.