चामुलाचा ढेकर

नमस्कार श्रोतेहो.

जेवण झाल्यावर ढेकर दिला तर आपल्याकडे कुणी फारसं मनावर घेत नाही. पण देवासमोर गुडघे टेकून, मुद्दाम, मोठ्यानं दिलेला ढेकर कधी ऐकलाय? मी ऐकलाय. मेक्सिकोत.

मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, ग्वाटेमालाला लागून, चियापास राज्य आहे. तिथल्या डोंगरांत सान क्रिस्तोबाल हे जुनं शहर, आणि तिथून दहाएक किलोमीटरवर सान हुआन चामुला हे गाव. मंडईजवळून आपल्या वडापसारख्या व्हॅन सुटतात. माणसं कोंबायची पद्धतही तीच. अर्ध्या तासात पोचलो. उंची साधारण 2200 मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपट. सकाळी दात वाजत होते. गावातल्या बायका काळ्या, केसाळ लोकरीचे जाडजूड घागरे घालून निवांत फिरत होत्या. लोकर त्यांच्याच मेंढ्यांची. मेंढी इथे मारत नाहीत, खात नाहीत.

ही माया वंशाची माणसं, भाषा त्सोत्सिल. स्पॅनिश फौजा 1524 मध्ये इथवर आल्या, मागून पाद्री आले, चर्च बांधलं गेलं. बाहेरून ते चर्चच दिसतं: पांढऱ्या भिंती, दाराच्या कमानीवर हिरवी-निळी नक्षी. चौकातल्या कचेरीत तिकीट काढताना एकच गोष्ट बजावतात, आत फोटो नाही. मी फोन पर्समध्ये टाकला आणि वर चेन लावली, उगाच हात शिवशिवायला नकोत.

आत बाकं नाहीतच. फरशीवर पाइनच्या हिरव्या सुयांचा थर, चालताना पाय घसरतो. जिथे तिथे जमिनीवरच चिकटवलेल्या मेणबत्त्या, शेकड्यांनी. कोपाल नावाच्या डिंकाचा धूर डोळ्यांत जातो. भिंतींलगत काचेच्या कपाटांत संत उभे, अंगावर फुलाफुलांची वस्त्रं आणि छातीवर आरसे. मुख्य जागी येशू नाही, बाप्तिस्मा देणारा योहान. पाद्री येतो तो मुलांच्या बाप्तिस्म्यापुरता. एरवी देवळाची व्यवस्था गावचे मानकरी पाहतात. वर्षभर एकेका संताची सेवा करायची, खर्च आपल्या पदरचा.

मी एका खांबाच्या आडोशाला उभी राहिले. समोर एक म्हातारी बाई, एक तरुण आई आणि सहा-सात वर्षांचा मुलगा. म्हातारी म्हणजे इलोल, तिकडची वैदूबाई. तिनं हातानं सुया बाजूला सारल्या, फरशी मोकळी केली. मेणबत्त्यांची बुडं वितळवून ओळीनं उभ्या केल्या. मग मुलाचं मनगट धरलं आणि डोळे मिटले. रक्त बोलतं, इलोल ते ऐकते, असं ही माणसं मानतात. एकसुरी मंत्र चालू झाला. एक अंडं मुलाच्या डोक्यावरून, पाठीवरून, पोटावरून फिरलं. मग पिशवीतून जिवंत कोंबडी निघाली. तीही त्याच्यावरून उतरवली, आणि बोलण्यात जराही खंड न पाडता म्हातारीनं तिची मान मुरगळली. रक्ताचा थेंब नाही. मुलानं एकदा पाहिलं आणि नखानं फरशीवरचं मेण खरवडायला लागला.

खरं सांगते, माझ्या मनात पहिलं आलं ते, ‘अहो, हे तर आपलंच!’ माझी आजी तिन्हीसांजेला मीठ, मोहऱ्या, मिरच्या उतरवून निखाऱ्यावर टाकायची. ठसका लागला नाही की म्हणायची, दृष्ट होतीच बघ. पण परदेशात गेल्यावर ‘आपल्याकडेही असंच’ म्हणून मोकळं व्हायची जी खोड असते ना, ती इथे अंगाशी आली. वाटाड्यानं नंतर समजावलं, पोर कुठेतरी पडलं होतं, दचकलं होतं. अशा वेळी आत्म्याचा थोडा भाग त्या जागीच राहून जातो. म्हातारी त्याला परत बोलावत होती. आमची आजी फक्त बाहेर काढायची. काहीतरी हरवलंय आणि हाका मारून आणायचंय, ही कल्पना तिच्या मिरच्यांमध्ये नव्हती.

ढेकर राहिलाच. उसापासून गाळलेली ‘पॉश’ नावाची दारू संतांपुढे ठेवतात, स्वतः घेतात. तिच्या जोडीला आता कोका-कोला असतो. म्हातारीनं दोन घोट घेतले, आईला दिले, मुलाला दिले. आणि मग तिघांनी आळीपाळीनं ढेकर दिले, अगदी गंभीरपणे. वाईट ते तोंडावाटे निघून जातं. गॅसच्या पेयानं हे काम लवकर होतं, एवढा साधा हिशोब. याच डोंगरांत गोड पेयं पाण्यासारखी पितात आणि मधुमेह घरोघरी पोचलाय, हेही मला ठाऊक होतं. पण ते तिथे, त्या धुरात उभं राहून कुणाला सांगणार?

मेणबत्त्या जळून खाली आल्या. आईनं बाटली आणि कोंबडी पिशवीत भरली, मुलानं मेणाची गोळी खिशात टाकली. एक माणूस पत्र्याची पट्टी घेऊन आला आणि उरलेलं मेण खरवडू लागला. त्याचं पुरतं आटोपलंही नव्हतं, तेवढ्यात त्याच जागी दुसरं कुटुंब येऊन सुया बाजूला सारायला लागलं.