गव्हातला फितूर

[दृश्य: गव्हाचं पान, अगदी जवळून. पांढुरके, कापसासारखे ठिपके.]

पानावर पीठ सांडल्यासारखं दिसतंय. बोटानं पुसलं की निघतं, बोट पांढरं होतं, आणि खालचं पान पिवळं पडायला लागलेलं दिसतं. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला याचं नाव सांगावं लागत नाही. भुरी. फक्त द्राक्षावरची भुरी गव्हावर येत नाही, गव्हावरची द्राक्षावर जात नाही. दोन्ही बुरशा वेगळ्या.

महाराष्ट्रात गव्हाचा रोग म्हटलं की तांबेराच आठवतो. भुरीला गारवा आणि दमट हवा लागते. म्हणून भारतात ती हिमाचल, उत्तराखंडाच्या डोंगराळ भागात जास्त दिसते, आणि युरोप-चीनमधल्या शेतकऱ्याला तर ती चांगलीच छळते.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली एक बीजाणू.]

हा बीजाणू वाऱ्यावर आला आणि पानावर टेकला. उगवायला त्याला पाण्याचा थेंबसुद्धा लागत नाही. जवळ असते ती घरून आणलेली थोडीशी शिदोरी. तेवढ्यावर अंकुर फुटतो, अंकुराचं टोक फुगून पानाला चिकटतं, आणि तिथून एक बारीक खुंटी पेशीच्या भिंतीत शिरू लागते. आत पोचली की ती बोटांसारखी पसरते आणि पेशीतलं अन्न ओढायला लागते. पेशीला मारत मात्र नाही. पेशी मेली तर बुरशीही उपाशी मरेल.

गहूही मुकाट्यानं सोसत नाही. त्याच्याकडे भुरीला अडवणारी जनुकं आहेत, 'पीएम' या नावानं क्रमांक दिलेली. पण यातली बरीचशी एकच चेहरा ओळखणाऱ्या पहारेकऱ्यासारखी. बुरशीनं चेहरा बदलला की पहारा फुकट. 'पीएम-8' हे जनुक राय नावाच्या धान्यातून गव्हात आलं, जगभरच्या वाणांत पसरलं, आणि बऱ्याच ठिकाणी बुरशीनं त्याला हातोहात चकवलं.

या बुरशीची हुशारी बघायची असेल तर ट्रिटिकेलकडे बघा. गहू आणि राय यांचा संकर करून माणसानं हे नवं धान्य बनवलं. भुरी त्याच्या वाटेला जात नसे. 2001च्या सुमारास युरोपात ती त्यावरही दिसू लागली. 2016 मध्ये जनुकीय तपासणीतून उलगडा झाला, की गव्हावरची भुरी आणि रायवरची भुरी यांचाही संकर झाला होता. आपण धान्याची सोयरीक जुळवली, तिनं आपल्या घरातली.

[दृश्य: जवाचं शेत.]

1942. जर्मनीतलं हाले शहर, महायुद्ध चालू. फ्राइसलेबेन आणि लाइन या दोन संशोधकांनी जवाच्या, म्हणजे सातूच्या, बियांवर क्ष-किरण सोडले. त्यातून निघालेल्या एका रोपावर भुरी लागेचना. पुढे इथिओपियातून 1937-38 मध्ये जर्मन मोहिमेनं गोळा केलेल्या गावरान जवातही हाच गुण सापडला. तिथं क्ष-किरणांचा काही संबंध नव्हता. शेतकरी ते बियाणं पेरत होते, इतकंच. 1979 पासून असे वाण युरोपच्या शेतांत आहेत, आणि चाळीस वर्षं उलटली तरी बुरशीला त्यावर तोड सापडलेली नाही.

1997 मध्ये यामागचं जनुक हाती लागलं. त्याचं नाव 'एमएलओ'. गंमत अशी, की या जवात नवीन काहीच आलं नव्हतं. उलट एक चालू जनुक बिघडलं होतं. गडाचा दरवाजा आतून उघडणारा फितूर असतो ना, तसं हे जनुक. ते धड असेल तर बुरशीला वाट मिळते. मोडलं की दार बंद.

मग गव्हात हे का करू नये? अडचण गव्हाच्या घराण्यातच आहे. आपल्या भाकरी-पोळीचा गहू तीन गवतांच्या वंशातून जन्मला, त्यामुळे बहुतेक जनुकं त्याच्याकडे तीन-तीन जोड्यांत असतात. तीन फितूर. एक पकडला तरी उरलेले दोघं दार उघडतात. तिन्ही आपोआप एकाच रोपात मोडायची वाट बघणं म्हणजे नुसती आशा.

[दृश्य: काचघर. हिरव्या रोपांशेजारी खुरटलेली, पिवळट रोपं.]

2014 मध्ये बीजिंगला गाओ त्सायश्या आणि छ्यू चिनलुंग यांच्या चमूनं जनुक-कात्रीनं तिन्ही जागा कापल्या. भुरी थांबली. पण यातल्या पुष्कळ रोपांची पानं लवकर पिवळी पडली, वाढ खुंटली. फितूर झाला तरी घरात त्याच्याकडे काही कामं असतातच, ती अडून बसली. रोग गेला आणि उत्पन्नही घटलं, तर शेतकऱ्यानं काय करायचं?

आणि मग 'आर-32'. याच कापाकापीतून निघालेलं एक वाण. भुरी नाही, आणि उंची-उतारा नेहमीच्या गव्हासारखा. शोध घेतला तेव्हा कळलं की एका जागी कात्री ठरल्यापेक्षा फारच लांब गेली होती. डीएनएची सुमारे 3 लाख 4 हजार अक्षरं गायब! चूकच म्हणायची. पण तेवढा तुकडा गेल्यामुळे शेजारचं, पेशीत साखरेची ने-आण करणारं एक जनुक जोरात कामाला लागलं, आणि रोपाचं नुकसान त्यानं भरून काढलं. हे 2022 मध्ये प्रसिद्ध झालं. मला यातली कात्रीची करामत तितकीशी भावत नाही. भावतं ते हे, की चुकलेलं रोप कुणी उपटून फेकून दिलं नाही.

मग तोच लांब काप या चमूनं क्रिस्पर नावाच्या जनुक-कात्रीनं दुसऱ्या चांगल्या वाणांतही मुद्दाम घातला. संकराच्या वाटेनं वर्षानुवर्षं लागली असती, ते काही महिन्यांत उरकलं.

[दृश्य: पुन्हा सूक्ष्मदर्शक. पान 'आर-32'चं.]

बीजाणू टेकला. अंकुर फुटला, टोक चिकटलं. खुंटी भिंतीला भिडली. आतून पेशीनं नेमक्या त्याच जागी लिंपण घातलंय, बाहेरून ढकलावं तितकं जाड. खुंटी जोर लावते. थांबते. शिदोरी संपलेली असते.