ख्रिस्ती बालवाडी: आधी मांडी, मग पाटी

(मुंबईबाहेरच्या एका मराठी मंडळाच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी, आणि जय ख्रिस्त.

इथे शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चमधली मुलांची बायबलची शाळा, आणि मंडळाची मराठी शाळा चालवणाऱ्या ताई बसल्या आहेत. मुंबईत चर्चच्या आवारात किंवा वस्तीतल्या खोलीत भरणाऱ्या बालवाड्यांना हातभार लावणारेही बसले आहेत. दोन्हीकडची मुलं तीन ते सहा वर्षांची. म्हणून आज बोलायचं ते मुंबईतल्या कामातून आलेलं आहे, पण इथेही बहुतेक सगळं लागू पडेल.

मार्काच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय आपल्या परिचयाचा आहे. लोक बालकांना घेऊन येतात, शिष्य त्यांना दटावतात, येशूला ते अजिबात रुचत नाही. पुढे तो काय करतो ते सावकाश वाचा. शिकवतो तो मोठ्यांना. मुलांना मात्र कवेत घेतो, त्यांच्यावर हात ठेवतो आणि आशीर्वाद देतो. ख्रिस्ती बालशिक्षणाचा क्रम इथेच सांगितला आहे असं आम्ही मानतो. आपण तो नेमका उलटा करतो: आधी वचनाचं पाठांतर, मग प्रार्थना, मग अक्षरं, आणि वेळ उरलाच तर मांडीवर घेणं.

ही काही आजची कल्पना नव्हे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या बालोद्यान (किंडरगार्टन) पद्धतीचा अभ्यास केला आणि परतल्यावर १८८९ साली मुंबईतच शारदा सदन सुरू केलं. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला दगड, पानं, बिया, माती यांतून बालवाडी उभी करून दाखवली. ख्रिस्ती बालवाडीने या दोघींकडून अगदी मोकळेपणाने शिकावं.

सुरुवात जूनच्या पहिल्या आठवड्यापासून करू, कारण वर्षभराचा विश्वास तिथेच बसतो किंवा मोडतो. मूल खेळण्यात रमलं की आईने गुपचूप निघून जायचं, ही पद्धत सगळीकडे चालते आणि सर्वांत जास्त नुकसान तीच करते. मूल वळून बघतं तर आई नाही. मग दुसऱ्या दिवशी ते रमतच नाही, दारावर नजर ठेवून बसतं. त्याऐवजी पहिला आठवडा निम्मी निम्मी मुलं बोलवा, तासाभरासाठीच. आईला दोन दिवस दाराशी बसू द्या. जाताना तिने मुलाला सांगून जावं: ‘खाऊ झाला की मी येते.’ घड्याळ मुलाला कळत नाही, खाऊ कळतो. आणि खाऊ झाल्यावर तिने खरंच यावं. आईची ओढणी किंवा रुमाल दप्तरात असला तर तो काढून घेऊ नका. रडणाऱ्या मुलाला ‘शहाणी मुलं रडत नाहीत’ असं म्हणू नका. ‘आईची आठवण येते ना?’ एवढंच म्हणा आणि जवळ घ्या.

आता गोष्ट. या वयात बायबलची गोष्ट सात-आठ मिनिटांची असावी, एका वेळी एकच, आणि तीच आठवडाभर. हरवलेल्या मेंढराची गोष्ट घ्या. लूकच्या पंधराव्या अध्यायात शंभर मेंढरं आहेत, पण चार वर्षांच्या मुलाला शंभर म्हणजे नुसतं ‘खूप’. सतरंजीवर कापसाची दहा मेंढरं मांडा. मुलांसोबत मोजा. मग मुलांना डोळे मिटायला सांगून एक खोलीत लपवा आणि पुन्हा मोजा: नऊ. इथे थांबा. ‘एक कुठे गेलं?’ हा प्रश्न मुलांकडून येऊ द्या. अर्धा मिनिट शांतता राहिली तरी चालेल. मग सगळे मिळून शोधा. सापडलं की ताईने ते खांद्यावर घ्यावं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात. संपली गोष्ट. ‘यातून आपण काय शिकलो?’ हे विचारायचं नाही. तो प्रश्न आला की मुलं ताईच्या चेहऱ्याकडे बघून तिला हवं ते उत्तर देतात, आणि शोधण्याचा आनंद तिथेच मरतो. मेंढरं कोपऱ्यातल्या टोपलीत ठेवा. मोकळ्या खेळात मुलं ती गोष्ट आपणहून पुन्हा खेळतात. ती आत गेली की नाही हे तिथे दिसतं.

सगळ्या गोष्टी या वयाच्या नसतात. अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघतो ती गोष्ट, जलप्रलयात बुडणारं जग, गल्याथाचं तोडलेलं डोकं हे नंतरसाठी ठेवा. तीन वर्षांचं मूल इसहाकाच्या जागी स्वतःला ठेवतं आणि रात्री बाबांना घाबरतं. आणि एक गोष्ट तर कुठल्याही परिस्थितीत नको: ‘देव बघतोय हं, शिक्षा करील’ ही धमकी. वर्ग पाच मिनिटं शांत होतो आणि मूल देवाला पोलिसाच्या रांगेत बसवतं. प्रार्थना तीन वाक्यांची असावी, मुलांच्या शब्दांत: आजच्या खाऊबद्दल आभार, ताप आलेल्या मित्राचं नाव, आमेन. डोळे मिटण्याची सक्ती नको.

मुंबईतल्या बऱ्याच बालवाड्यांत निम्म्याहून अधिक मुलं इतर धर्मांची असतात. त्यांच्या पालकांशी प्रामाणिक राहणं हीच आपली साक्ष. प्रवेशाच्या वेळीच सांगावं की इथे येशूच्या गोष्टी आणि प्रार्थना होतात, आणि नको असेल तर त्या वेळी मूल मदतनीस ताईंसोबत दुसरा खेळ खेळेल. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवायचं तर पालकांची संमती लागते, असं संविधानाचं कलम २८ सांगतं. मान्यता असो नसो, आपण हा नियम पाळावाच. नाताळाला जसं झाड येतं, तसं ईदला, दिवाळीला त्या त्या मुलाने आपल्या घरी काय केलं ते सांगावं आणि बाकीच्यांनी ऐकावं.

लिहिण्याकडे येऊ, कारण पालकांचा सर्वांत जास्त रेटा तिथे असतो. इंग्रजी शाळेच्या प्रवेशाची धास्ती असते, ती समजून घ्यावी. तरी चौथ्या वर्षी रेघांच्या वहीत पानं भरून घेऊ नयेत. मनगट आणि बोटांचे स्नायू तयार नसले की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, सगळा जोर खांद्यातून लावतं, आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही. आधी कागद फाडणं, भेंडीचे ठसे, कपड्यांचे चिमटे लावणं, मळणं. जाड खडूचे इंचभर तुकडे करून द्या. तुकडा छोटा असला की तीन बोटांतच धरावा लागतो. फळा भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगा, त्याने मनगट आपोआप योग्य कोनात येतं. अक्षरं सुरू होतील तेव्हा अ-आ-इ-ई असं क्रमाने नेण्यापेक्षा ग, म, भ, न अशी सारख्या वळणाची आधी घ्या.

मळण्यासाठी दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, चिमूटभर हळद आणि लागेल तसं पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी एकदम ओतलं तर गोळा हाताला चिकटतो आणि मुलं हात मागे घेतात. मिठामुळे तो टिकतो, पण पावसाळ्यात तेच मीठ हवेतला ओलावा ओढतं; कोरडा मैदा घालून पुन्हा मळा आणि वास आला की फेकून द्या. बोटाला जखम असलेल्या मुलाला देऊ नका, मीठ झोंबतं. आणि ज्या वस्तीत घरी पीठ मोजून वापरतात तिथे पिठाचा खेळ करूच नये. तिथे शाडूची माती घ्यावी.

तीन वर्षांच्या मुलांसमोर चिंचोके, मणी मोकळे ठेवू नका. ते तोंडात आणि नाकात जातात. बाटल्यांची मोठी झाकणं बरी. अख्खे शेंगदाणे खाऊत नकोत, कूट चालेल. पाण्याच्या खेळाचं टोपलं रोज रिकामं करून पालथं घाला. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. जुलैत जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की रस्ते तुंबतात, तेव्हा मूल कोणाच्या हाती द्यायचं याची सहीनिशी यादी वहीत हवी. ओळखीचा शेजारी असला, पण यादीत नसला, तर मूल द्यायचं नाही.

याहून गंभीर एक विषय आहे. कोणताही मोठा माणूस बंद दाराआड मुलासोबत एकटा असता कामा नये, मग तो पाळक असो, विश्वस्त असो की आपली सर्वांत जुनी ताई. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी मंडळीच्या कमिटीत चर्चा करून मिटवू, हा मार्ग कायद्यालाही मान्य नाही आणि शुभवर्तमानालाही. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. मुलाला खोदून खोदून विचारू नका. जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

आता ताईंबद्दल. वीस मुलांमागे एक मोठा माणूस हे तीन ते सहा वयासाठी २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व बालशिक्षण धोरणात धरलेलं प्रमाण आहे, आणि आमच्या मते तेही ताणाचंच आहे. वर्ग शांत करायला ओरडू नका, घसा जातो. एक गाणं ठरवा, ते सुरू झालं की सगळे सतरंजीवर. मधल्या दहा मिनिटांत दुसऱ्या ताईकडे वर्ग सोपवून बाहेर बसा, चहा घ्या. रडणारी मुलं दिवसभर सावरायची तर आपला जीव थाऱ्यावर हवा. वर्षाअखेरीस मुलाला बाराखडी आली नाही म्हणून आपण कमी पडलो असं समजू नका. जूनमध्ये दाराला चिकटून बसलेलं मूल नोव्हेंबरात नव्या मुलाला हात धरून आत आणतं, ते तुमचं काम आहे.

आणि ‘सेवा’ म्हणून या कामाचा पगार कमी ठेवणं आपण थांबवलं पाहिजे. इथून मदत पाठवणाऱ्यांना एवढीच विनंती: प्लास्टिकची खेळणी आणि परदेशी चित्रांची पुस्तकं मुंबईत आधीच पुष्कळ साठली आहेत. त्याऐवजी एका बालवाडीच्या मदतनीस ताईंचा पगार उचला, आणि तो बारा महिन्यांचा धरा. बऱ्याच ठिकाणी मे महिन्यात वर्ग बंद म्हणून पगारही बंद होतो, आणि जूनमध्ये मुलं परत येतात तेव्हा ती ताई दुसरीकडे कामाला लागलेली असते.