केशरी कंदील फोटोत पिवळा का होतो?

असा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. दिवाळीत गॅलरीत टांगलेला कंदील, कागद चांगला गडद केशरी. पण मधोमध, जिथे बल्ब आहे तिथे, रंग पिवळा झालाय आणि त्याच्याही आत पांढराफटक. हे असं सेन्सरमुळे होतं.

सेन्सर म्हणजे सिलिकॉनची चिप, तिच्यावर कोट्यवधी पिक्सेल, म्हणजे प्रकाश टिपणारे बारीक कप्पे. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, आत शिरला की सिलिकॉनमधला एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो, आणि शटर उघडं आहे तोवर हे इलेक्ट्रॉन ज्या त्या पिक्सेलमध्ये साठत राहतात, मग त्यांची मोजणी होते. बस्स. रंगबिंग त्याला काही कळत नाही. रंग मिळतो तो वर बसवलेल्या फिल्टरमुळे, कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये ज्याचं पेटंट मिळालं तो. अर्धे पिक्सेल हिरवा प्रकाश घेतात, पाव लाल, पाव निळा.

केशरी उजेडात लाल सगळ्यात जास्त, त्यामुळे लालवाले पिक्सेल आधी भरतात. आणि एकदा भरले की कितीही प्रकाश येऊ दे, आकडा तिथेच अडकतो. हिरवा मात्र अजून वाढतच असतो, म्हणून केशरीचा पिवळा होतो, आणि शेवटी निळाही भरला की पांढरा. हा रंग नंतर कुठल्याच ॲपमध्ये खरा परत मिळत नाही, कारण तो नोंदलाच गेलेला नाही.

अंधाराचं दुखणं वेगळं. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे येतात, कुठे दोन जास्त, कुठे दोन कमी. सरासरी १०० येणार असतील तर साधारण १० इकडेतिकडे, म्हणजे १० टक्के फरक. १०,००० येणार असतील तर फरक १०० चा, फक्त १ टक्का. काळोख्या भागात दाणे दिसतात ते मुख्यतः यामुळे, आणि लोक दोष देतात आयएसओला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो उजळ करायच्या सेटिंगला! आयएसओ वाढवून सेन्सर जास्त प्रकाश पकडत नाही हो, जेवढा आलाय त्याचाच सिग्नल मोठा करून दाखवतो.

म्हणून कंदील काढताना रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद जपणाऱ्या फाइलमध्ये काढा आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे किती पिक्सेल किती उजळ आहेत ते दाखवणाऱ्या आलेखात, लाल रंगाकडे लक्ष ठेवा. तो उजव्या कडेला चिकटला की शटर अजून फास्ट करा, मागची भिंत काळी पडली तरी पडू दे. ती नंतर उजळवता येते, थोडे दाणे येतील एवढंच.