हिस्लॉपचा कोच आणि नॅशव्हिलची पोरं

नमस्कार मंडळी! तर्री-पोहे झाले का? नसतील झाले तर प्लेट हातात घेऊनच ऐका, कारण आजची गोष्ट खाण्यापिण्याचीच आहे, म्हणजे कुठे बसून खायचं आणि कोणी बसायचं त्याची.

आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज आपण हजार वेळा बघितलंय, ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण तिथलेच असाल. १९५३ साली तिथे अमेरिकेतून एक काळा तरुण आला होता, जेम्स लॉसन, वय चोवीस-पंचवीस. कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून वर्षभराहून जास्त जेलमध्ये काढून आलेला. इथे मिशनरी म्हणून आला, पोरांना खेळ शिकवायचा, आणि गांधींचा अभ्यास करायचा, तो पण नागपूरच्या उन्हात, विचार करा!

डिसेंबर १९५५ मध्ये त्याने इथल्याच नागपूर टाइम्समध्ये वाचलं की अमेरिकेत माँटगोमेरी गावात, बसमध्ये गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवतात म्हणून, काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकलाय. वाचून हा खोलीत आनंदाने ओरडलाच म्हणे. १९५६ ला तो परत गेला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. एका शहराच्या नशिबात काय काय असतं बघा. पुढे १९५७ मध्ये मार्टिन लूथर किंग भेटले, ते म्हणाले अमेरिकेच्या दक्षिणेत ये, आत्ताच ये, आणि हा गेला तिथल्या नॅशव्हिल शहरात.

आता नॅशव्हिलमध्ये काय चालायचं ते सांगते. मोठमोठी दुकानं, त्यात काळ्या माणसाने साबण घ्या, वह्या घ्या, पैसे खुशाल गल्ल्यात घेणार, पण त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर स्टूल ओढून बसलात की सर्व्हिस बंद. आमचे आजोबा सांगायचे, गावच्या हाटेलात त्यांची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असायची, स्वतः काढायची, स्वतः धुवायची, चहा वरून ओतणार, पैसे मात्र खणखणीत मोजून घेणार. त्यामुळे मला हे नॅशव्हिलचं काउंटर समजावून सांगावं लागलं नाही कुणाला.

लॉसनने चर्चच्या तळघरात कॉलेजच्या पोरापोरींचे वर्कशॉप घेतले, आणि मला या सगळ्या प्रकरणात हेच सगळ्यात भारी वाटतं. लोकांना वाटतं असली हिंमत अंगातच असावी लागते, तर नाही हो, रिहर्सल केली त्यांनी! चक्क नाटकासारखी. खुर्च्या मांडायच्या, काही जण गुंड व्हायचे, ते केस ओढणार, तोंडावर सिगारेटचा धूर सोडणार, घाणेरड्या शिव्या देणार, खुर्चीवरून ढकलून पाडणार, आणि समोरच्याने उलटा हात उचलायचा नाही, पडलं तर डोकं कसं झाकायचं ते सुद्धा शिकायचं. आता हा सीन डोळ्यासमोर आणा, आपलाच मित्र आपल्याला रंगावरून शिवी देतोय, कारण उद्या दुसरा कोणी देईल तेव्हा सवय असावी म्हणून. मला तर ऐकूनच रडू येतं आणि थोडा रागही येतो, की हे शिकायची वेळ यावीच कशाला.

त्यात डायन नॅश होती, शिकागोची, २१ वर्षांची, जॉन लुईस होता, पुढे जो खासदार झाला तोच. १ फेब्रुवारी १९६० ला दक्षिणेतल्याच ग्रीन्सबरो शहरात चार काळे विद्यार्थी असल्याच काउंटरवर जाऊन बसले आणि इकडे हे तयारच होते. १३ फेब्रुवारीला, बर्फ पडलेला, सव्वाशेच्या आसपास पोरं चांगले कपडे घालून, हातात पुस्तकं घेऊन दुकानांत शिरली, थोडी खरेदी केली आणि काउंटरवर बसली. खायला मिळालं नाही, बसून अभ्यास केला. नियम पण लिहून काढलेले होते, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, कुणी मारलं तरी उलट मारू नका.

२७ फेब्रुवारीला गोऱ्या पोरांच्या टोळक्याने खरंच मारलं, अंगावर सिगारेटी विझवल्या. पोलिसांनी पकडलं कोणाला? मार खाणाऱ्यांना! ८० च्या वर अटक. आणि गंमत म्हणजे एक रांग पोलिसांनी नेली की लगेच दुसरी पोरं येऊन त्याच स्टुलांवर बसायची, ती नेली की तिसरी. ५० डॉलर दंड भरा म्हटलं तर नाही भरत, जेलच द्या म्हणाले. लॉसनला तर मार्चमध्ये त्याच्या युनिव्हर्सिटीनेच काढून टाकलं. घरच्यांनी पण साथ दिली बरं का, ईस्टरची खरेदीच बंद केली, आणि दुकानदाराला दुसरी कुठली भाषा कळो न कळो, रिकामा गल्ला बरोबर कळतो.

१९ एप्रिलला पहाटे या पोरांचे वकील, अलेक्झांडर लूबी, त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला. नवरा-बायको वाचले, पण समोरच्या मेडिकल कॉलेजच्या शंभरावर खिडक्या फुटल्या. त्याच दिवशी तीन-चार हजार लोक सिटी हॉलकडे चालत निघाले, घोषणा नाहीत, गाणी नाहीत, फक्त चपला-बुटांचा आवाज. पायऱ्यांवर मेयर बेन वेस्ट उभे. डायनने त्यांना सरळ विचारलं, निव्वळ रंगावरून माणसामाणसात फरक करणं चूक आहे, असं तुम्हाला वाटतं का? सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर. मेयर राजकारणी माणूस, गोल गोल बोलता आलं असतं. पण ते हो म्हणाले.

१० मे ला सहा दुकानांनी काउंटर उघडले. गाजावाजा करायचा नाही, थोडे थोडे जण यायचे असं आधीच ठरलेलं. आले, स्टुलावर बसले, ऑर्डर दिली, खाल्लं, बिल भरलं आणि उठून कामाला गेले.

बरं, लॉसनसाहेब २०२४ च्या जूनमध्ये वारले, ९५ वर्षांचे होते. हिस्लॉपवरून गेलात तर बघा एकदा त्या ग्राउंडकडे. चला, माझी वेळ झाली, आता गाणं ऐका.