पॉलिसीवरचा पत्ता: चिपळूणचा पूर आणि दुकानांचा विमा (निवेदन)

22 जुलै 2021, चिपळूण. हे वाशिष्ठी नदीचं पाणी, आणि ते जिथून वाहतंय ती बाजारपेठ. काही ठिकाणी पाणी पहिल्या मजल्याला लागलं. 2005 च्या 26 जुलैलाही शिरलं होतं, त्यामुळे शहाणे व्यापारी विमा उतरवून होते.

आता हे कागद बघा, दोरीवर वाळत घातलेत. बिलबुकं, स्टॉक रजिस्टर आणि मधे विम्याची पॉलिसी. तिच्यावरचा पत्ता वाचा. पत्ता फक्त दुकानाचा आहे, आणि मागच्या गल्लीतलं हे गोडाऊन, जिथे चिखलात गठ्ठे पडलेत, त्याचा पॉलिसीत कुठेच उल्लेख नाही. विमा मालाचा असला तरी तो जागेला बांधलेला असतो, ज्या पत्त्यावरचा माल लिहिलाय तेवढाच धरतात.

अशी चूक होते कशी? दुकानदार बँकेकडून सीसी लोन, म्हणजे मालाच्या तारणावर धंद्यासाठीचं कॅश क्रेडिट घेतो, म्हणून विमा बऱ्याचदा बँकच काढते, प्रीमियम खात्यातून आपोआप कापला जातो आणि पॉलिसी बँकेच्या फाईलमध्ये जाऊन बसते. दरवर्षी रिन्यूअल होतं ते जुन्याच पत्त्यावर, जुन्याच रकमेवर. मधल्या काळात गोडाऊन बदललं, माल दुप्पट झाला, पण पॉलिसीला ते कोणी सांगितलंच नाही. ज्याच्या खात्यातून पैसे जातात त्याच्या हातात कॉपी पहिल्याच दिवशी पडली पाहिजे, पूर ओसरल्यावर नाही!

रकमेचं तर अजून अवघड. समजा एकूण माल 40 लाखांचा, पॉलिसी 20 लाखांची. वरच्या रॅकवरचा वाचला, खालचा 10 लाखांचा गेला. दुकानदाराला वाटतं, 20 लाखांची पॉलिसी आहे, 10 तर मिळतीलच. पण सर्व्हेअर, म्हणजे क्लेमसाठी नुकसान मोजणारा माणूस, आधी सगळ्या मालाची किंमत काढतो, विमा निम्म्याच मालाचा आहे म्हणून क्लेमही निम्मा, म्हणजे 5 लाख. याला अ‍ॅव्हरेज क्लॉज म्हणतात. हे सर्व्हेअर गठ्ठे मोजतायत ना, ते बुडालेला आणि वाचलेला, दोन्ही माल मोजतायत ते यासाठीच.

जुन्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत आगीबरोबर पुराचंही कव्हर असायचं, पण प्रीमियम कमी करायला ते काढूनही टाकता यायचं, नदीकाठच्या बाजारपेठेत हे किती धोक्याचं! 1 एप्रिल 2021 पासून एका जागेवर 5 कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायांना 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही नवी पॉलिसी आली, तिच्यात पूर धरलेलाच आहे, आणि विम्याची रक्कम मालाच्या किमतीपेक्षा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी क्लेम कापत नाहीत. पण त्यानंतर चार महिन्यांच्या आतच पूर आला, ज्यांचं रिन्यूअल व्हायचं होतं ते जुन्याच फॉर्मवर होते.

अशा चुकांपायी क्लेम अर्धा येतो किंवा येतच नाही, आणि लोनचा हप्ता मात्र चालूच राहतो.

पत्ता किंवा रक्कम बदलायची तर विमा कंपनीला लेखी कळवून एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदलाची नोंद, करून घ्यायची, आणि तेही नुकसान व्हायच्या आधी. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. एकट्याच्या मालकीचं दुकान आणि सूक्ष्म उद्योग दोघांनाही हा रस्ता खुला आहे, फी लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यासाठी लोकपालाचं ऑफिस पुण्यात आहे.